चव्वेचाळिसावी गोळी

(पडद्यावर ५० मीटर अंतरावरून दिसणारे लक्ष्य : पांढऱ्यावर एक काळा ठिपका. बाकी सारे स्तब्ध.)

सदऱ्याच्या बटणाएवढे वर्तुळ ५० मीटर अंतरावर ठेवले, तर नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. दिसतो तो त्याच्याभोवतीचा मोठा काळा ठिपका. नेमबाजाला नेम धरायचा असतो तो त्या ठिपक्याच्या पोटात असलेल्या, १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळावर. अंतिम फेरीत तेवढ्यानेही भागत नाही. तेथे प्रत्येक गोळीचे गुण दशांशात मोजले जातात, कमाल गुण १०.९ असतात, आणि गुणाचा एक दशांश म्हणजे लक्ष्यावरचे केवळ ०.८ मिलिमीटर. या खेळात अमुक नेमबाज पुढे आहे आणि तमुक मागे पडला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात आपण अशा बारीक अंतरांची बेरीज-वजाबाकी करत असतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी जेथे भरली होती त्या मध्य फ्रान्समधील शातोरू येथे, पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकाराच्या अंतिम फेरीत आठ नेमबाज उतरले. त्यांपैकी एक कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे होता. या प्रकारात आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभे राहून गोळ्या झाडाव्या लागतात. खेळाडूंच्या बोलीत नीलिंग, प्रोन आणि स्टँडिंग. नीलिंगच्या पंधरा गोळ्या झाल्या तेव्हा स्वप्नीलचे गुण होते १५३.३ आणि स्थान होते सहावे.

आपल्याकडे पिछाडीवर पडलेल्या खेळाडूविषयी बोलताना ‘पेटून उठला’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. कुस्तीच्या हौद्यात तो शोभतो, कबड्डीच्या मैदानावरही खपून जातो. परंतु ज्याच्या हातात रायफल आहे आणि ज्याच्या रायफलची नळी त्याच्याच छातीच्या ठोक्यांबरोबर हलते आहे, त्याने पेटून उठणे म्हणजे उरलेसुरले गुणही घालवून बसणे होय. जोर लावला तर पकड घट्ट होते, पकड घट्ट झाली की घोड्यावरचे बोट सरळ मागे येण्याऐवजी किंचित बाजूला ओढले जाते, आणि गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर जाते. प्रश्न असा आहे की, मागे पडलेल्या माणसाला जोर लावण्याचीही मुभा नसेल, तर त्याने करायचे तरी काय?

(दृश्य : नेमबाजीच्या जाड, ताठर जॅकेटचे पट्टे आवळणारे हात.)

स्वप्नीलने त्या दिवशी काय केले, हे त्याच्या प्रोनच्या आकड्यांवरून वाचता येते. पाच-पाच गोळ्यांच्या तीन मालिकांमध्ये त्याने ५२.७, ५२.२ आणि ५१.९ असे गुण घेतले. एकूण १५६.८, म्हणजे गोळीमागे सरासरी साडेदहाच्या किंचित खाली. झोपून गोळ्या झाडताना शरीर जमिनीला टेकलेले असते, पट्ट्याने रायफल हाताशी बांधलेली असते, आणि त्यामुळे सगळ्याच नेमबाजांचे गुण या स्थितीत चढे असतात. म्हणूनच एवढी चांगली नेमबाजी करूनही त्याचे स्थान सहाव्यावरून केवळ पाचव्यावर आले. बाहेरून पाहणाऱ्याला हे निराशाजनक वाटेल. पण ज्यांनी हा खेळ खेळला किंवा शिकवला आहे, त्यांना यात एक गोष्ट लगेच दिसते : एकही मालिका ५१.९ च्या खाली गेली नाही. पुढच्यांना गाठण्याच्या नादात जी एखादी गोळी ‘सुटते’, ती सुटली नाही.

पदक मिळाल्यानंतर पत्रकारांशी बोलताना स्वप्नीलने सांगितले होते की, सकाळपासून त्याने काहीही खाल्ले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता. छाती धडधडत होती, आपण गुणफलकाकडे पाहिले नाही, श्वासावर लक्ष ठेवले आणि नेहमीपेक्षा वेगळे काही करण्याचा प्रयत्न केला नाही, असेही तो म्हणाला. ऐकायला हे अगदी साधे वाटते; इतके साधे की, विजयानंतर सगळेच खेळाडू असे काहीतरी बोलतात, असे म्हणून आपण ते सोडून देऊ. परंतु या माणसाच्या तोंडी ते वाक्य कोठून आले हे पाहायचे असेल, तर दहा महिने मागे जावे लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये, चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत, याच प्रकाराच्या अंतिम फेरीत स्वप्नील पिछाडीवर नव्हता. तो सर्वांच्या पुढे होता. नीलिंग आणि प्रोन झाल्यानंतरही आघाडी त्याच्याकडेच होती, आणि सुवर्णपदक आवाक्यात दिसत होते. स्टँडिंगमध्ये एक गोळी ७.६ वर गेली. दशांशाचा हिशेब लावला तर ही गोळी दहाच्या वर्तुळाच्या कडेपासून सुमारे १९ मिलिमीटर बाहेर पडली होती, म्हणजे दोन सेंटीमीटरलाही थोडी कमी. तेवढ्याने तो चौथ्या स्थानावर घसरला. सांघिक सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडले, ही गोष्ट खरी. पण वैयक्तिक स्पर्धेत तो रिकाम्या हाताने परतला. त्याआधी, २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही तो चौथाच आला होता. त्या चौथ्या क्रमांकाने भारताला ऑलिंपिकचा कोटा मिळवून दिला, एवढे समाधान होते.

चौथा क्रमांक हे खेळातले एक विचित्र ठिकाण आहे. आठव्याला आपण आठवे का आलो याची कारणे सापडतात. चौथ्याला एकच गोळी सापडते, आणि ती त्याला वर्षानुवर्षे दिसत राहते.

(दृश्य : रेंजवरील रिकामी बाके. भिंतीलगत उभी केलेली दुर्बीण.)

येथे प्रशिक्षकाचे काम सुरू होते. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्स खेळल्या आहेत. स्वप्नील त्यांना दुसरी आई मानतो, आणि पुढे त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. नेमबाजीच्या प्रशिक्षकाची गंमत अशी की, कबड्डी किंवा खो-खोच्या प्रशिक्षकाप्रमाणे त्याला मैदानाच्या कडेने ओरडता येत नाही. खेळाडूच्या मागे, काही पावलांवर, तो बसलेला असतो. जे सांगायचे ते महिनोन्‌महिने आधी सांगून झालेले असते, आणि जे सांगून झालेले नाही ते त्या दिवशी सांगून उपयोग नसतो. म्हणून या खेळातील प्रशिक्षक मागे पडण्याचा सराव आधीच करून घेतात. वाईट गोळीनंतर रायफल खांद्यावरून खाली घ्यायची, डोळे लक्ष्यावरून काढायचे, पाय पुन्हा त्याच जागी आहेत का हे पाहायचे, श्वास सोडायचा, आणि पुढची गोळी जणू पहिलीच आहे अशा रीतीने सगळी क्रिया सुरुवातीपासून करायची. हे इतक्या वेळा करायचे की, ते आठवावे लागू नये. नेमबाज ज्याला ‘प्रोसेस’ म्हणतात, ती हीच. हा शब्द आता इतका झिजला आहे की, त्याचा कंटाळा यावा, पण ७.६ च्या पुढची गोळी कशी झाडायची, याचे दुसरे उत्तर अद्याप कोणाला सापडलेले नाही.

कांबळवाडीच्या या मुलाला गोळ्या जपून झाडण्याची सवय मात्र फार आधीपासून होती. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले आणि तेथे त्याने नेमबाजी निवडली. हा खेळ खर्चाचा. रायफल एकदाच घ्यावी लागते, गोळ्या रोज लागतात, आणि त्या काळात मुलाच्या सरावासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचे पुढे सर्वांना कळले. २०१५ पासून तो मध्य रेल्वेत नोकरीला आहे. ऑलिंपिकच्या वेळी तो तिकीट तपासनीस होता. महेंद्रसिंह धोनीही एके काळी हेच काम करत होता, याचा त्याला विशेष आनंद आहे, आणि मैदानावर धोनी जसा शांत असे तशीच शांतता आपल्या खेळाला लागते, असे त्याने पॅरिसमध्येच सांगितले होते.

येथे थोडे थांबून दुसऱ्या एका पिछाडीकडे पाहणे आवश्यक आहे, कारण नेमबाजीचा नियम सगळ्या खेळांना लावला, तर आपण फसू.

(दृश्य : धावपट्टी. पाण्याच्या खड्ड्याआधीचा लाकडी अडथळा.)

६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुल स्पर्धेची ३००० मीटर स्टीपलचेसची शर्यत झाली. या शर्यतीत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी असते. १९९८ पासूनच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनी नेली होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान, सियाचिनमध्ये सेवा बजावून आलेला, त्या दिवशी केनियाच्या तिघांना चिकटून मागे धावत होता. नेमबाजाला प्रतिस्पर्धी दिसत नाही, दिसू नये असाच त्याचा प्रयत्न असतो. धावपटूची गोष्ट उलट आहे. पुढच्याची पाठ त्याच्या डोळ्यांसमोर असते, तिच्यावर नजर ठेवूनच तो धावतो, आणि ती पाठ एकदा दहा-पंधरा मीटर दूर गेली की, पाय शाबूत असले तरी मन सुटते. स्टीपलचेसमध्ये यात आणखी एक भर पडते : पुढच्याच्या अगदी पाठीशी धावणाऱ्याला समोरचा अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत नीट दिसत नाही, आणि पावलांचा हिशेब अंदाजाने करावा लागतो.

अविनाशला याचा कडू अनुभव होता. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक शर्यतीत गर्दीत दोनदा त्याची वाट अडली आणि त्याची लय मोडली. तरीही मागून येत त्याने तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. भारताने केलेले अपील मान्य झाल्यामुळे त्याला अंतिम शर्यतीत स्थान मिळाले, आणि तीन दिवसांनी झालेल्या त्या शर्यतीत त्याने आपला तो विक्रमही मागे टाकला. मागे पडणे म्हणजे शर्यत संपणे नव्हे, हे त्याने पुस्तकातून वाचलेले नव्हते.

बर्मिंगहॅमला त्याने तिघांपैकी दोघांना मागे टाकले आणि शेवटच्या फेरीत अब्राहम किबिवोटच्या दिशेने झेप घेतली. अखेरच्या सरळ पट्ट्यात दोघांमधले अंतर पावलापावलाने कमी होत गेले. किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाशची ८ मिनिटे ११.२० सेकंद. पाच शतांश सेकंद. त्याच्या त्या दिवशीच्या सरासरी वेगाने मोजले, तर हे अंतर एका फुटाएवढे येते. तीन हजार मीटर धावून एक फूट कमी पडले, असेही म्हणता येईल. पण मला त्यात दुसरी गोष्ट अधिक दिसते. त्याने सातव्या फेरीत जो वेग काढला, तो आधीच्या सहा फेऱ्यांत खर्च केला नव्हता. म्हणजे जोर लावायला त्यालाही परवानगी होती, पण कधी, याचे बंधन होते.

कबड्डीत तर पिछाडीला नियमांनीच हात दिला आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरलेल्या संघाने चढाईपटूची पकड केली, तर त्याला एक गुण जास्त मिळतो; आपल्याकडचे निवेदक तिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. हा जास्तीचा गुण फक्त संकटात असलेल्या संघालाच मिळू शकतो. आणि म्हणून दोन खेळाडू उरले असताना बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यात एक हिशेब सुरू असतो, जो प्रेक्षकांना कधी दिसत नाही : या दोघांनी अव्वल पकडीसाठी जीव टाकायचा, की लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणे, लवकर पत्करून, दोन गुण देऊन, सातही खेळाडू परत मैदानात आणायचे? घड्याळात तीन मिनिटे उरली असतील तर उत्तर एक येते, बारा मिनिटे असतील तर दुसरे. प्रेक्षकांना लोण म्हणजे नामुष्की वाटते. जाणत्या प्रशिक्षकाला ती कधीकधी श्वास घेण्याची जागा वाटते.

(दृश्य : पुन्हा शातोरू. उभे राहिलेले आठ नेमबाज, आठ रायफली.)

स्टँडिंगमध्ये आधाराचा पट्टा वापरता येत नाही. सहा-सात किलो वजनाची रायफल, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेला, पाठ किंचित मागे झुकलेली, आणि शरीराचे न थांबणारे बारीक डोलणे. नीलिंग आणि प्रोनमध्ये जमवलेली पुंजी येथे उधळली जाते. हांगझोऊला स्वप्नीलची उधळली होती. शातोरूला प्रोननंतर पाचव्या स्थानावर असलेल्या स्वप्नीलने पहिल्या पाच गोळ्यांत ५१.१ आणि पुढच्या पाच गोळ्यांत ५०.४ गुण घेतले. चाळीस गोळ्यांनंतर त्याची बेरीज ४११.६ झाली, आणि तो तिसऱ्या स्थानावर होता. हे वर चढणे काही अंशी त्याचे होते आणि काही अंशी इतरांच्या घसरण्याचे. उभ्या स्थितीत जो कमी घसरतो तो वर दिसतो. याला कोणी नशीब म्हणेल, तर म्हणो बापडे. आदल्या दिवशी पात्रता फेरीत ६०० पैकी ५९० गुणांवर तो सातवा येऊन अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि ५८९ गुण घेणारा त्याचा संघसहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर अकराव्या क्रमांकावर राहून बाहेर गेला होता. एका गुणाचे हे अंतर आठही जणांना माहीत होते.

चाळिसाव्या गोळीनंतर तळाचे दोघे बाद झाले. त्यानंतर एकेक गोळी, आणि प्रत्येक गोळीनंतर एकेक नेमबाज बाहेर.

एक्केचाळिसावी गोळी : १०.५.

बेचाळिसावी : ९.४. दोन गोळ्यांत लक्ष्याच्या मध्यापासूनचे अंतर जवळजवळ नऊ मिलिमीटरने वाढले. हांगझोऊची ती गोळी ज्यांना आठवत होती, त्या प्रत्येकाचा श्वास येथे अडकला असणार. यापुढे पाहण्यासारखे होते ते गुणफलकावर नव्हते. रायफल खाली आली, पुन्हा वर गेली, गाल कुंद्याला टेकला.

त्रेचाळिसावी : ९.९. दिसायला ही साधारण गोळी आहे, पण तिने कांस्यपदक निश्चित केले. चेक प्रजासत्ताकाचा नेमबाज चौथा राहिला. ज्या जागेवर स्वप्नील कैरोला आणि हांगझोऊला राहिला होता, त्या जागेवर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये ७२ वर्षे गेली.

चव्वेचाळिसावी गोळी १०.० वर बसली. बेरीज ४५१.४. रौप्यपदकासाठी ती पुरली नाही, आणि स्वप्नीलने रायफल खाली ठेवली. चीनचा लिऊ युकुन आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश यांनी पुढची गोळी झाडली. लिऊचे गुण झाले ४६३.६ आणि कुलिशचे ४६१.३. निकालपत्रक वाचणाऱ्याला तिसऱ्या आणि दुसऱ्या क्रमांकांत दहा गुणांची दरी दिसते, आणि अनेकांनी ती तशीच वाचली. पण त्या दोघांच्या बेरजेत पंचेचाळीस गोळ्या आहेत. स्वप्नीलच्या बेरजेत चव्वेचाळीस.